बाण सुटण्याआधी, बाण सुटल्यावर



आज एक जुनाच प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. आपल्या हातून न कळत कुणाला इजा झाली, मनात तसे काही नव्हते, हेतू वाईट नव्हता, तर त्या इजेचा दोष आपल्याला लागतो की नाही? कीर्तनानंतर मंडळी पारावर बसली की हा प्रश्न हमखास निघतो. कुणी म्हणतो, देव भाव पाहतो, भाव शुद्ध असला की झाले. कुणी म्हणतो, विस्तवावर चुकून पाय पडला तरी पोळतेच. दोन्ही बाजू आपण डोलून ऐकतो आणि घरी जातो. मीही अनेक वर्षे असाच घरी जात होतो. या प्रश्नाने मला जिथे अडवले ते ठिकाण मात्र देऊळ नव्हते, फड नव्हता. ते होते मुलांना धनुष्यबाण शिकवण्याचे मैदान.

आमचा सातारा जिल्हा आपल्याला ठाऊक आहे तो माउलींच्या पालखीमुळे. नीरा नदीत पादुकांना स्नान घालून सोहळा या जिल्ह्यात येतो, चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते, पुढे तरडगाव, फलटण असे मुक्काम पडतात. त्याच फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव धनुष्य घेऊन टोकियोच्या ऑलिंपिकला गेले. पुढे 2023 साली साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये जगज्जेती झाली. तेव्हापासून इकडच्या बऱ्याच घरांतली पोरे धनुष्य मागू लागली. आमचा नातूही त्यातलाच. बारा वर्षांचा. सुनेने त्याचे नाव घातले आणि ने-आण करण्याचे काम माझ्याकडे आले. संध्याकाळी हरिपाठाआधीचा दीड तास मी मैदानाच्या कडेला दगडावर बसू लागलो.

मला वाटले होते, पहिल्या दिवशी पोराच्या हाती बाण देतील. तसे काही झाले नाही. पहिले काही दिवस बाणाला हातच लावू दिला नाही. नातू रोज घरी येऊन कुरकुर करी, "आजोबा, नुसतं उभं राहायलाच शिकवतात." मलाही ते जरा जास्तच वाटले. पण बसल्या बसल्या मी ऐकत होतो, आणि हळूहळू लक्षात आले की तिथे शिकवले जात होते ते बहुतेक 'कसे मारावे' यापेक्षा 'केव्हा मारू नये' हेच होते.

ते नियम तुम्हांलाही सांगतो. साधेच आहेत. जमिनीवर दोन रेघा आखलेल्या असतात. पुढची रेघ बाण सोडणाऱ्यांची, मागची थांबणाऱ्यांची. ज्याची पाळी नाही त्याने मागच्या रेघेच्या मागेच राहायचे. पुढच्या रेघेवर उभे राहिल्याशिवाय बाण दोरीला लावायचा नाही. दोरीला लावलेला बाण लक्ष्याकडे सोडून कुठेही वळवायचा नाही. कुणी हाक मारली म्हणून अंगासकट वळायचे नाही. आभाळाकडे तोंड करून धनुष्य ओढायचे नाही, कारण वर गेलेला बाण कुठे उतरेल ते सोडणाऱ्याच्या हाती नसते. सगळ्यांनी शिट्टीवर चालायचे. दोन शिट्ट्या झाल्या की रेघेवर या, एक झाली की सोडा, तीन झाल्या की जाऊन आपापले बाण आणा. त्याहून जास्त, लागोपाठ शिट्ट्या वाजल्या की जिथे असाल तिथे थांबा. ओढलेली दोरी सावकाश परत आणा आणि बाण उतरवा. का, कशासाठी, हे नंतर विचारायचे. आपल्या टाळकऱ्यांना हे सांगायला नको. विणेकऱ्याकडे लक्ष ठेवून पाऊल टाकणाराच रिंगणात नीट चालतो.

आणखी दोन नियम मला फार विचार करायला लावणारे वाटले. पहिला असा, की बाण न लावता रिकामी दोरी ओढून सोडायची नाही. आपल्याला वाटेल, बाणच नाही तर धोका कसला? पण ओढलेल्या धनुष्यात जी ताकद साठते ती बाणाबरोबर निघून जाते. बाण नसला की ती माघारी धनुष्यातच शिरते. धनुष्य तडकते, त्याच्या चिरफाळ्या सोडणाऱ्यालाच लागतात. दुसरा नियम असा, की सोडण्याआधी प्रत्येक बाण हातात फिरवून तपासायचा. बारीकशी चीर असली तरी तो बाजूला टाकायचा. चिरलेला बाण दोरीचा झटका बसताच मोडतो आणि आपल्याच हातात घुसतो. म्हणजे पाहा माउली, समोरच्याला लागायच्या आधीच बाण सोडणाऱ्याला जखमी करू शकतो. रागाच्या भरात नुसतेच फणफणणारा आणि अर्धवट ऐकलेले पुढे ढकलणारा, या दोघांची गत याहून वेगळी नसते.

एके दिवशी नातवाने धीटपणे सरांना सांगितले, "सर, मला आता टार्गेटचा मधला पिवळा गोल सोडून काहीच दिसत नाही." त्याला वाटले, शाबासकी मिळेल. मलाही तसेच वाटले. आपण सगळ्यांनी कीर्तनात अर्जुनाची ती गोष्ट शंभरदा ऐकली आहे. द्रोणाचार्यांनी झाडावर पक्षी ठेवला, काय दिसते विचारले, आणि अर्जुन म्हणाला की पक्ष्याखेरीज मला काही दिसत नाही. एकाग्रतेचा तो नमुना. पण सर नातवाला म्हणाले, "बाळा, ते सोडतानाचं झालं. धनुष्य उचलण्याआधी तुला सगळं दिसायला हवं. टार्गेटच्या मागे कोण आहे, बाजूने कोण येतंय, कुत्रं आहे का, गुराखी पोर आहे का. ते सगळं पाहून झालं, की मग पिवळा गोल. आधी सगळं, मग एक. उलटं केलंस तर एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल."

मी दगडावर सरसावून बसलो. कारण त्या गोष्टीकडे मी असे कधी पाहिलेच नव्हते. घरी येऊन महाभारतातला तो प्रसंग पुन्हा वाचला. तिथे दोन गोष्टी आहेत, त्या सांगताना आपण सहसा गाळतो. एक म्हणजे तो पक्षी खरा नव्हता. द्रोणांनी कारागिरांकडून तो करवून घेतला होता आणि झाडाच्या शेंड्यावर बसवला होता. नेम चुकला तरी जीव जाऊ नये, याची काळजी गुरूंनी आधीच घेतली होती. शिष्याला एकच गोष्ट दिसली तरी चालले, कारण बाकीचे सगळे गुरूने पाहून ठेवले होते. दुसरी गोष्ट अशी, की युधिष्ठिरापासून एकेकाला द्रोणांनी नेम धरून उभे केले, प्रश्न विचारला, आणि उत्तर पटले नाही तेव्हा बाजूला व्हायला सांगितले. अर्जुन सोडून त्या सगळ्यांच्या वाट्याला त्या दिवशी एकच धडा आला, तो म्हणजे बाण न सोडता परत फिरणे. आपण त्यांना हरलेले समजतो. पण ओढलेली दोरी सावकाश परत आणणे ही कमीपणाची गोष्ट नाही. मैदानावर तर ते मुद्दाम शिकवतात. मुलांना दोरी पूर्ण ओढायला लावतात, थांबवतात, आणि न सोडता परत आणायला लावतात. सोडण्यापेक्षा त्यात जास्त ताकद लागते. बोटे सैल केली की बाण आपोआप जातो. परत आणायला मात्र अख्खी पाठ कामाला लागते.

मुंडकोपनिषदात प्रणवाला धनुष्य, आत्म्याला बाण आणि ब्रह्माला लक्ष्य म्हटले आहे, हे आपल्या अभ्यासू वाचकांना ठाऊक असेलच. तिथे लक्ष्य वेधायचे ते कसे, तर 'अप्रमत्त' होऊन. म्हणजे गाफील न राहता. शेवटच्या लक्ष्यासाठीसुद्धा ऋषींनी घातलेली अट ही आहे. नेमबाजीचे कसब तिथे सांगितलेले नाही, सावधपणा सांगितला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. न कळत झालेल्या इजेचा दोष. याचे सगळ्यांत मोठे उदाहरण बाणाचेच आहे. आपण ज्याला श्रावणबाळाची गोष्ट म्हणतो ती. वाल्मीकींनी त्या मुनिकुमाराचे नाव दिलेले नाही, पण गोष्ट दिली आहे ती खुद्द दशरथाच्या तोंडून. राम वनात गेला आहे, राजा अंथरुणाला खिळला आहे आणि रात्री कौसल्येला आपल्या तरुणपणीची ती आठवण सांगतो आहे. पावसाळ्याचे दिवस, शरयूचा काठ, अंधार. पाण्यात बुडबुड आवाज झाला. युवराजाला वाटले, हत्ती पाणी पितो आहे. त्याने आवाजाच्या दिशेने बाण सोडला. आणि माणसाची किंकाळी आली. तो आवाज हत्तीचा नव्हता. आंधळ्या, म्हाताऱ्या आईबापांसाठी पाणी भरणाऱ्या मुलाच्या घागरीचा होता.

दशरथाचा हेतू वाईट होता का? नाही. त्याचा नेम चुकला का? तोही नाही. बाण अगदी जिथे मारायचा तिथेच लागला. आवाजावरून वेध घेण्यात त्याची ख्याती होती आणि त्या ख्यातीचा त्याला अभिमान होता, हे तो स्वतःच सांगतो. म्हणजे कौशल्यात कमी नव्हती, हेतूत खोट नव्हती. चूक एकाच ठिकाणी झाली. न पाहता सोडले.

हे वाचत असताना, माउली, मी पुस्तक मिटले. कारण असा एक बाण मीही सोडलेला होता.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या दिंडीत भिशीचा आणि शिध्याचा हिशेब ठेवणारे एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही. कमी बोलणारे, वही आणि पेटी कधी सोडायचे नाहीत. नातेपुत्याच्या मुक्कामी रात्री मला झोप येत नव्हती. ताडपत्रीच्या पलीकडे ते त्यांच्या गावाकडून आलेल्या एका पोराशी हळू आवाजात बोलत होते. माझ्या कानांवर आले ते एवढेच: "हे पैसे वेगळे ठेव. वहीतले नाहीत हे. कुणाला कळू द्यायचं नाही." बस्स, एवढेच. मी उठून पलीकडे गेलो नाही. "अण्णा, काय चाललंय?" असे विचारले नाही. पहाटे चहाच्या वेळी चौघांना सांगितले, आणि वर हेही म्हणालो, "ऐकीव नाही, माझ्या कानांनी ऐकलंय."

पंढरपूर येईपर्यंत दिंडीभर झाले. कुणी त्यांना तोंडावर विचारले नाही, पण पंगतीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. द्वादशीला त्यांनी वही आणि पेटीची किल्ली दिंडीप्रमुखांपुढे ठेवली. हिशेब पैशापैशाने जुळला. पण आकडे जुळले म्हणून कुजबुज थांबत नाही. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत.

दोन वर्षांनी वाखरीच्या तळावर आमच्या दिंडीतल्या एका विधवा माउलींनी मला विचारले, "हिशेबाचे अण्णा अलीकडं का येत नाहीत हो? त्यांनी स्वतःच्या खिशातून माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे दिले. मीच सांगितलं होतं, कुणाला कळू देऊ नका, लाज वाटते म्हणून. आता मला सगळं नीट दिसतंय, पण ते कुठं दिसत नाहीत."

माउली, मी जो आवाज ऐकला होता तो घागर भरण्याचा होता. मी हत्ती समजलो.

तुम्ही म्हणाल, मग त्याच दिवशी धावत त्यांच्याकडे गेला असाल. नाही गेलो. सात वर्षे नाही गेलो. मनाशी म्हणत राहिलो, मी खोटे कुठे बोललो? जे ऐकले तेच सांगितले. दिंडीचे भलेच चिंतले होते. भाव शुद्ध होता. आणि शेवटी हेही म्हणालो, की विठ्ठलाच्या मनात असेल तसे होते. आपला बाण आपण सोडतो आणि तो विठ्ठलाच्या भात्यातून निघाला असे म्हणून मोकळे होतो. याइतकी सोपी पळवाट दुसरी नाही, आणि ती भक्तीसारखी दिसते म्हणून जास्त वाईट.

तर दोष लागतो की नाही? वाल्मीकींच्या त्या कथेत याचे उत्तर आहे, आणि मला तरी त्याहून नेमके उत्तर सापडलेले नाही. दशरथ पळून गेला नाही. तो किंकाळीच्या दिशेने गेला. मरणाऱ्या मुलाने सांगितले तसे त्याने बाण काढला. मग तीच घागर भरून घेतली आणि आंधळ्या आईबापांकडे चालत गेला. पावलांचा आवाज ऐकून त्यांना वाटले मुलगा आला, त्यांनी उशीर का झाला म्हणून विचारले. तिथे गप्प राहणे किती सोपे होते! त्यांना दिसत नव्हते. पण त्याने स्वतः सांगितले, मी तुमचा मुलगा नाही, मी दशरथ, आणि माझ्या हातून असे घडले. तेव्हा त्या म्हाताऱ्या बापाने दोन गोष्टी सांगितल्या. हे तू आपल्या तोंडाने येऊन सांगितले नसतेस तर तुझ्या डोक्याची शकले झाली असती. आणि हे तुझ्या हातून अजाणता घडले म्हणूनच तू जिवंत आहेस. एवढे सांगूनही शाप दिलाच, की माझ्यासारखाच तूही पुत्रशोकाने मरशील.

बघा, इथे पारावरच्या दोन्ही बाजू एकत्र आल्या. अजाणतेपणाने दोष कमी झाला, पण पुसला गेला नाही. का पुसला गेला नाही? कारण हत्ती की माणूस, हे त्याला ठाऊक नव्हते हे खरे, पण आपल्याला ठाऊक नाही हे तर त्याला ठाऊक होते ना? अंधार आहे, दिसत नाही, फक्त आवाज आहे, एवढे त्याला नक्की माहीत होते. तरी सोडले. दोष अज्ञानाचा नाही. अज्ञान आहे हे दिसत असताना सोडण्याचा आहे. मला ताडपत्रीपलीकडचे काही दिसत नव्हते, हे मला त्या रात्री पक्के माहीत होते. मी खोटे बोललो नाही हे खरे. पण तीन वाक्यांवरून मी चौथे रचले, आणि चौघांच्या मनात सोडले. मैदानावरची पोरे हे करत नाहीत. बारा वर्षांच्या पोराला जे पहिल्या आठवड्यात शिकवतात ते मला वयाच्या पासष्टीत येत नव्हते.

इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. मग बोलूच नये का? दिंडीत, देवस्थानात, गावात खरोखरच गैरव्यवहार होत असेल तर टाळ वाजवत गप्प बसायचे का? तसे नव्हे. ते मैदान बाण मारण्यासाठीच आहे, बाण ठेवून पूजा करण्यासाठी नाही. आपल्या संतांनी ढोंग्यांना जे शब्द सुनावले आहेत ते काही मऊ नाहीत. पण ते उजेडात, तोंडावर, समोर दिसणाऱ्या गोष्टीवर बोलले. मला संशय आला होता तर मी दिंडीप्रमुखांना सोबत घेऊन अण्णांनाच विचारायला हवे होते. विचारले असते तर कदाचित त्यांनी त्या माउलींचे नाव न घेताही माझा संशय फेडला असता. आणि खरेच काही चुकीचे असते, तर तेही तिथेच कळले असते. दिसेपर्यंत थांबणे वेगळे आणि कधीच न सोडणे वेगळे. पहिला सावधपणा, दुसरा भित्रेपणा. दोन्हींची गल्लत करू नये.

आता बाण सुटल्यानंतरचे सांगतो. मैदानावर तीन शिट्ट्या होतात तेव्हा प्रत्येकाने स्वतः चालत जाऊन आपले बाण आणायचे असतात. धावायचे नाही, कारण लक्ष्यात रुतलेल्या बाणांची मागची टोके आपल्याच दिशेला असतात, अडखळलो तर डोळ्यात जातील. बाण उपटताना एका हाताने लक्ष्य दाबून धरायचे, दुसऱ्याने सरळ मागे ओढायचा. हिसका दिला तर बाण वाकतो आणि लक्ष्यही फाटते. पाठीमागे कुणी उभे नाही हे आधी पाहायचे. आणि बाण मोजायचे. सहा सोडले असतील तर सहा परत यायला हवेत. एखादा गवतात शिरला तर सगळे मिळून शोधतात, कारण गवतात राहिलेला बाण विसरला जातो आणि मग महिन्यांनी कुणाच्या तरी अनवाणी पायात शिरतो. एका संध्याकाळी अंधार पडेपर्यंत आम्ही नातवाचा एक बाण शोधत होतो. मी कंटाळून म्हणालो, "जाऊ दे रे, नवा घेऊ." तो म्हणाला, "आजोबा, नव्याचा प्रश्न नाही. तो इथं कुणाला तरी लागेल ना."

त्या रात्री मला झोप आली नाही.

गेल्या वैशाखात मी अण्णांच्या गावी गेलो. ते ओसरीवर बसले होते. थकले होते, गुडघे गेले होते. मी सगळे सांगितले, नातेपुत्याच्या रात्रीपासून वाखरीच्या तळापर्यंत. सात वर्षे का आलो नाही तेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "तुम्ही तेव्हाच विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." माफ केले असे काही म्हणाले नाहीत, आणि मीही मागितले नाही. दशरथालाही ते मिळाले नव्हते. निघताना मी त्यांच्या पाया पडलो. आपली रीत अशी, की एक वाकला की दुसराही वाकतो. ते भिंतीला धरून, दुखऱ्या गुडघ्यांनिशी माझ्या पायाशी वाकले. तो क्षण मला शापासारखाही वाटला आणि प्रसादासारखाही. कोणता ते अजून ठरवता आलेले नाही.

परत आल्यावर चहाच्या वेळच्या त्या चौघांना शोधले. दोघे भेटले, त्यांना खरे काय ते सांगितले. एक जण वारले होते. एकाचा पत्ता लागला नाही. म्हणजे मोजणी अजून पुरी झालेली नाही, दोन बाण गवतातच आहेत. गेल्या आषाढीला मी दिंडीत सर्वांसमोर उभा राहून हे बोललो, ते त्या दोन बाणांसाठी. आज इथे लिहितो आहे तेही त्याचसाठी. त्या दिंडीची ती कुजबुज ज्यांच्या कानांवर गेली असेल त्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांनी जाणावे की ते गृहस्थ निर्मळ होते.

एक शेवटची गोष्ट सांगून थांबतो. न पाहता सोडलेला एक बाण आपल्या देवालाच लागलेला आहे. यादवांचा अंत झाल्यावर श्रीकृष्ण एकटेच झाडाखाली बसले होते. जरा नावाच्या व्याधाला झाडीतून फक्त पाय दिसला, तो त्याला हरिणासारखा वाटला, आणि त्याने बाण सोडला. जवळ येऊन पाहतो तो काय! तो पायांवर कोसळला. आणि देवाने त्याला धीर दिला, भिऊ नकोस म्हणाला. तोच देव आपल्यासाठी विटेवर उभा आहे, असे आपण मानतो. त्याचे हात कमरेवर आहेत, हातांत धनुष्य नाही. आपण ज्या पायांवर डोके ठेवायला महिनाभर चालतो, त्याच पायाला एकदा असा बाण लागला होता. मला वाटते, दर्शनबारीत शेवटच्या पायरीशी आल्यावर हे आठवावे. देव क्षमा करतो, यात शंका नाही. पण जरा पळून गेला नव्हता, तो चालत जवळ आला होता, हेही विसरू नये.

येत्या वारीत ताडपत्रीच्या पलीकडून काही ऐकू आले, तर माउली, एवढेच करा. दोरी ओढली गेली असेल तर सावकाश परत आणा. उठून पलीकडे जा. उजेड घेऊन जा. आणि कुठला जुना बाण कुठे रुतलेला असल्याचे आठवत असेल, तर आषाढीची वाट पाहू नका. मी सात आषाढ्या वाट पाहिली. रोज कुणीतरी त्या गवतातून अनवाणी चालत असते.

रामकृष्ण हरी.